पियानो नसलेली मैफल

२२ मे १९५९. हॉलिवूडच्या रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत चार जण वाद्यं लावून तयार होते. त्यांतला सर्वांत मोठा २९ वर्षांचा, बाकीचे तिघे २१-२२चे. अल्टो सॅक्सोफोन, कॉर्नेट, डबल बेस आणि ड्रम, एवढाच सरंजाम. पियानो नव्हता. त्या एका दिवसात त्यांनी आठ रचना ध्वनिमुद्रित केल्या. सहा त्याच वर्षी 'द शेप ऑफ जॅझ टु कम' या रेकॉर्डवर आल्या. उरलेल्या दोन अटलांटिक कंपनीच्या कपाटात अकरा-बारा वर्षं पडून होत्या.

२९ वर्षांचा तो अल्टोवाला म्हणजे ऑर्नेट कोलमन. त्या दिवसापासून मार्च १९६१पर्यंत, म्हणजे अवघ्या २२ महिन्यांत, त्याने अटलांटिकसाठी जे वाजवलं ते 'ब्युटी इज अ रेअर थिंग' या सहा सीडींच्या संचात एकत्र केलेलं आहे. राइनो कंपनीने तो १९९३ साली काढला. त्या ध्वनिमुद्रणांच्या सुमारासच निघालेल्या सहा रेकॉर्ड त्यात आहेत. शिवाय मागाहून, १९७० ते १९७५च्या दरम्यान, शिल्लक ध्वनिमुद्रणांतून काढलेल्या तीन रेकॉर्डही आहेत. त्यांतली एक तर फक्त जपानात निघाली होती. आणि त्याआधी कुणीच न ऐकलेल्या काही रचना आहेत. संचाचं नाव त्यातल्याच एका रचनेचं आहे, १९६०मध्ये वाजवलेल्या. सौंदर्य ही दुर्मिळ गोष्ट आहे, असं ते नाव सांगतं. या सहा डिस्क ऐकणाऱ्यासाठी पुढच्या पानांवर टिपणं केली आहेत. त्यांच्या आधी हा संच का निवडला आणि तो कसा ऐकावा, हे सांगणं मला भाग आहे.

माझी ऑर्नेटशी पहिली गाठ चुकीच्या दारात पडली. कॉलेजात असताना एका परिचितांनी परदेशाहून आणलेली 'फ्री जॅझ'ची सीडी मला ऐकायला दिली. ऑर्नेटचं सर्वांत गाजलेलं नाव ते, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी असं दोघांनाही वाटलं. आठ वादक एकाच वेळी वाजवताहेत, कुणाचं बोट धरावं कळत नाही. दहाव्या मिनिटाला मी ती बंद केली आणि हे संगीत आपल्यासाठी नाही अशी मनाची समजूत घालून मोकळा झालो. मधे बरीच वर्षं गेली. मग हा संच हाती आला आणि केवळ तो तारखेच्या क्रमाने लावलेला होता म्हणून मी पहिल्या डिस्कपासून ऐकत गेलो. चौथ्या डिस्कवर तीच 'फ्री जॅझ' आली तेव्हा त्या गर्दीत मला माणसं ओळखू येत होती. हा बास क्लॅरिनेटवरचा डॉल्फी, हा ट्रम्पेटवरचा चेरी, हा डावीकडून बोलतोय तो ऑर्नेट. रचना तीच होती. मधल्या तीन डिस्कांनी माझा कान तयार केला होता.

म्हणून माझं ठाम मत आहे की ऑर्नेटची ओळख 'निवडक' संकलनातून होत नाही. निवडक म्हणजे शिखरं, आणि त्याची शिखरं पायथ्यापासून चालत गेल्याशिवाय दिसतच नाहीत.

ऑर्नेट टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. जन्म १९३०चा. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या ज्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेतून ड्यूई रेडमन, किंग कर्टिस असे नावाजलेले सॅक्सोफोनवादक निघाले. अल्टो तो स्वतःच शिकला, आणि शिकताना एक चूक झाली. अल्टोवर लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर यांत अंतर असतं, हे त्याला सांगायला कुणी नव्हतं. स्वरांची नावं त्याने आपल्या मनाने लावून घेतली आणि ती चूक कळेपर्यंत हात त्याच वळणाचा झाला होता. चुकीतून माणूस शिकतो हे आपण म्हणतो. ऑर्नेट त्या चुकीतून दुसरंच काही शिकला: एकाच स्वराला दोन नावं असू शकतात, आणि नाव बदललं की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते.

पुढे फिरत्या बँडांबरोबर दक्षिणेत भटकंती. १९४९ साली लुइझियानातल्या बॅटन रूजला एका नाचाच्या कार्यक्रमात त्याच्या वाजवण्यामुळे नाचणारे थबकले. बाहेर आल्यावर काही जणांनी त्याला गाठून मारहाण केली आणि त्याच्या टेनर सॅक्सोफोनची वाट लावली. बरीच वर्षं त्याने टेनरला हात लावला नाही. लॉस एंजेलिसला आला तेव्हा एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची नोकरी केली. लिफ्ट रिकामी असली की संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायची. संध्याकाळी कुणाच्या बँडबरोबर वाजवायला उभं राहावं, तर वादक एकेक करून व्यासपीठावरून उतरून जायचे.

१९५४च्या सुमारास त्याला नवं वाद्य हवं होतं आणि पितळी अल्टो परवडत नव्हता. तेव्हा त्याने ग्राफ्टन कंपनीचा प्लास्टिकचा अल्टो घेतला. हे वाद्य इंग्लंडात बनायचं. धड पांढऱ्या-मलईरंगी ॲक्रिलिकचं, चाव्या तेवढ्या धातूच्या. दिसायला खेळण्यासारखं, पण थोर अल्टोवादक चार्ली पार्करनेही १९५३च्या टोरांटोच्या मैफलीत ग्राफ्टनच वाजवला होता. पितळेतून सूर निघतो तो मागे एक चकाकी ठेवून जातो. प्लास्टिकची फुंक कोरडी, त्यात चकाकी नाही. सूर आला, बोलला आणि गेला. पहिल्या डिस्कवर हेडफोन लावून ऐका: अल्टोचा आवाज वाद्याचा वाटत नाही, घशातून आल्यासारखा वाटतो. गरिबीपायी हाती घेतलेल्या वाद्याने या माणसाचा आवाज घडवला. पुढे पैसे आले तेव्हाही तो बराच काळ त्या प्लास्टिकपासून दूर गेला नाही.

त्याच्या शेजारी उभा असलेला डॉन चेरी याच काळात खिशात मावेल असा इवलासा ट्रम्पेट वाजवू लागला. तो पाकिस्तानात बनलेला होता, आपल्याच उपखंडातून तिकडे गेलेला. एक प्लास्टिकचा, एक खिशातला. न्यूयॉर्कच्या बड्या वादकांनी या दोघांना पाहून नाकं मुरडली यात नवल नाही.

आता पियानोकडे वळू, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. तोवरच्या जॅझमध्ये एखादं गाणं घेतलं की त्याचे कॉर्ड ठरलेले असत. तीन-चार स्वर एकत्र वाजले की कॉर्ड होतो, आणि असे कॉर्ड ठरावीक मात्रांनी बदलत जातात. बहुधा ३२ मापांचं एक आवर्तन, आणि ते पुन्हा पुन्हा. वादकाने उपज करायची ती या बदलत्या कॉर्डांच्या चौकटीत बसवून. पियानो ती चौकट सतत ऐकवत राहतो. चार्ली पार्करच्या पिढीने ही चौकट इतकी गुंतागुंतीची आणि वेगवान केली की ती पार करणं हेच कसब ठरलं. ऑर्नेटने विचारलं की धुन माझ्या मनात आधी येते, तर मग कॉर्डांनी तिला का हाकायचं? कॉर्डांनी धुनेच्या मागून यावं. धुनेला एखाद्या ठिकाणी दीड माप जास्त लागत असेल तर लागू दे. पियानो नसलेले बँड त्याच्या आधीही होते, पण त्यांनी कॉर्ड सोडले नव्हते. ऑर्नेटने पियानो काढला तो ही चौकटच उतरवायला.

इथे मराठी श्रोत्याची बाजू भक्कम आहे, आणि हे मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्याला जॅझ परका वाटतो, म्हणजे तोही फार नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'पासून (१९५१) स्विंगचा ठेका आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेटचे आवाज आपल्या घराघरांत रुळले आहेत, आणि ते वाजवणारे बहुतेक गोव्याचे होते. पण खरी जमेची बाजू वेगळी आहे. अमेरिकन श्रोत्याला १९५९ साली ऑर्नेट ऐकताना पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं ते कॉर्ड नाहीसे झाले म्हणून. आपला कान कॉर्डांवर वाढलेलाच नाही. ख्याल असो, नाट्यपद असो की अभंग, एकच स्वररेषा पुढे सरकते, वळते, थांबते, परत येते, आणि तिला खालून कॉर्डांचा आधार लागत नाही. ऑर्नेट जी गोष्ट भांडून मिळवत होता ती ऐकण्याची सवय आपल्याला पाळण्यापासून आहे. धुन धरून ठेवा, एवढंच करायचं.

तुलना मात्र इथेच थांबवली पाहिजे. हे रागसंगीत नव्हे. इथे तंबोरा नाही, म्हणजे घरी परतायला षड्ज नाही. ठरलेली सम नाही. मुखडा दोन्ही फुंकवाद्यं मिळून वाजवतात, मग उपज सुरू होते, आणि परतीचा मुखडा येतो तो ठरावीक मात्रेवर नव्हे, चौघांना आता यावं असं वाटतं तेव्हा. बेसवर चार्ली हेडन आहे. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नसतं. ऑर्नेट वळला की तो त्या वळणाखाली सूर घालतो. सारंगीवाला गवयाच्या पाठोपाठ जातो ना, तसा. फरक इतकाच की हेडन कधीकधी एक पाऊल पुढेही जातो आणि मग ऑर्नेटला त्याच्यामागे यावं लागतं.

'लोनली वुमन' ही रचना पहिल्याच डिस्कवर आहे. मूळ रेकॉर्डवर ती अगदी आरंभी होती. संच ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावलेला असल्यामुळे इथे ती चार रचनांनंतर येते. ही एक रचना मी पुन्हा पुन्हा ऐकायला सांगेन. सुरुवातीला फक्त बेस आणि ड्रम. बिली हिगिन्स झांजेवर घाईची लय धरतो, पाऊस यायच्या आधी लोक भराभर घरी निघावेत तशी. त्याखाली हेडन दोन तारा एकत्र छेडत जड, संथ चालतो. लयी दोन, एकमेकींना न अडवणाऱ्या. मग त्या घाईच्या वर अल्टो आणि कॉर्नेट एकत्र येतात, अतिविलंबित. ओळ लांबत जाते, वर चढते, आणि टोकाला अल्टो एकदम फाटतो. तो सूर कापरा आहे, बरोबर जागेवर नाही, आणि तो जागेवर असता तर ही रचना खोटी ठरली असती. खाली ड्रम अजून तसाच घाईत आहे. गर्दीच्या मधोमध एक बाई एकटी उभी आहे, एवढं चित्र शब्दांवाचून उभं राहतं.

या रचनेची हकिगत ऑर्नेटने १९९७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्याशी बोलताना सांगितली. दुकानातल्या नोकरीच्या दिवसांत मधल्या सुट्टीत तो एका चित्रदालनात गेला. तिथे एका श्रीमंत गोऱ्या बाईचं चित्र होतं. माणसाला हवं ते सगळं तिच्याजवळ होतं आणि चेहऱ्यावर कमालीचं एकटेपण होतं. घरी येऊन त्याने ही धुन रचली. लिफ्ट चालवणाऱ्या, स्वतःच हालात असलेल्या काळ्या तरुणाला तिचं दुःख दिसलं, ही गोष्ट मी ही धुन ऐकताना कधी विसरू शकलो नाही.

तो फाटलेला सूर. ऑर्नेटवरचा पहिला आणि सर्वांत कडक आरोप हाच होता की हा माणूस बेसूर वाजवतो. त्याचं म्हणणं साधं होतं: दुःखाच्या धुनेतला एखादा स्वर आणि आनंदाच्या धुनेतला तोच स्वर सारखे कसे ऐकू येतील? स्वर चढा लागूनही सुरात असू शकतो, उतरा लागूनही सुरात असू शकतो. हे वाक्य अमेरिकेत चमत्कारिक ठरलं. आपल्याकडे ज्यांनी दरबारीतला गंधार आंदोलताना ऐकला आहे आणि तोच कोमल गंधार दुसऱ्या रागात वेगळ्या जागी लागताना ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागू नये. फरक असा की आपल्याकडे ती जागा परंपरेने शिकवलेली असते आणि ऑर्नेटला ती दर ओळीला स्वतः शोधावी लागे. कधी ती सापडत नाही. संच पूर्ण असल्यामुळे त्या फसलेल्या जागाही यात आहेत, आणि त्या झाकल्या नाहीत हे चांगलंच झालं.

त्याच्यावर भरवसा टाकला तो मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा पियानोवादक जॉन लुइस याने. पियानोवादकानेच पियानो काढून टाकणाऱ्याची शिफारस करावी, यात त्या माणसाचं मोठेपण आहे. त्याच्या सांगण्यावरून अटलांटिकच्या नेसुही एर्तेगुन यांनी करार केला. १९५९च्या उन्हाळ्यात ऑर्नेट आणि चेरी मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सच्या जॅझशाळेत गेले. लुइसच्या क्वार्टेटने पुढे १९६२ साली 'लोनली वुमन' स्वतः वाजवली आणि आपल्या रेकॉर्डला तेच नाव दिलं.

१७ नोव्हेंबर १९५९ रोजी ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत बसली. बोली दोन आठवड्यांची होती, मुक्काम अडीच महिने चालला. ऐकायला सगळं शहर लोटलं. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी तोंड भरून कौतुक केलं. जुना जाणता ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याला हे सरळ सोंग वाटलं. माइल्स डेव्हिसने ऑर्नेटच्या मनःस्थितीवरच शंका घेतली. मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो बेसवादक चार्ल्स मिंगसचा अभिप्राय: याला एक सरगम धड वाजवता येईल की नाही कोण जाणे, पण रेडिओवर त्याची रेकॉर्ड लागली आणि तिच्या ताजेपणापुढे बाकीचं सगळं निस्तेज वाटू लागलं, अशा अर्थाचं तो बोलला. आरोप आणि शरणागती एकाच श्वासात.

दुसऱ्या डिस्कवर 'रॅम्बलिन' आहे. ज्यांना ऑर्नेट डोक्याने वाजवतो अशी भीती वाटते त्यांनी ती आधी ऐकावी. हा सरळ टेक्सासचा ब्लूज आहे, धुळीचा, पायी चालण्याचा. हेडनचं बालपण आयोवा-मिसूरी भागात गेलं. त्याचं कुटुंब रेडिओवर लोकगीतं गायचं, आणि हा पोरगा दोन वर्षांचा असल्यापासून त्यात गात होता. किशोरवयात पोलिओने घशावर घाला घातला आणि गाणं सुटलं, तेव्हा तो बेसकडे वळला. 'रॅम्बलिन'मध्ये त्याचा बेस एकट्याने वाजतो तेव्हा तारा बँजोसारख्या झणकारतात आणि त्या डोंगराळ लोकगीतांची चाल मधूनच डोकावते. एक गोरा आणि तीन काळे, सगळे आपापलं गाव बरोबर घेऊन आलेले. १९५९ सालच्या अमेरिकेत हे एका व्यासपीठावर दिसणं किरकोळ नव्हतं.

१९६०मध्ये हिगिन्सच्या जागी एड ब्लॅकवेल येतो. त्या काळी न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला पोलिसांचा परवाना लागे आणि हिगिन्सचा परवाना गेला होता. ब्लॅकवेल न्यू ऑर्लिन्सचा. तिथल्या मिरवणुकींच्या ढोलाचं वळण त्याच्या हातात आहे. हिगिन्सची झांज हवेत असते, ब्लॅकवेलचा ढोल जमिनीवर. १९५९च्या रचनांवरून १९६०च्या रचनांवर जाताना हा बदल पावलांना जाणवतो. 'धिस इज अवर म्युझिक' या रेकॉर्डमधल्या रचना या काळातल्या. त्यात 'एम्ब्रेसेबल यू' हे गर्शविनचं गाणं आहे, सहाही रेकॉर्डांमधलं दुसऱ्याचं असं एकमेव लोकप्रिय गाणं. परक्या घरात गेल्यासारखा ऑर्नेट त्यात जपून वावरतो. मला ते फारसं भावलं नाही. त्याउलट 'ब्युटी इज अ रेअर थिंग' ऐकताना लय जवळजवळ थांबते. ब्लॅकवेल ताल धरत नाही, नुसता दुरून गडगडतो. हेडन तारांवर गज ओढतो. संचाला याच रचनेचं नाव देणाऱ्यांनी अचूक निवड केली.

मग येते चौथी डिस्क आणि 'फ्री जॅझ'. २१ डिसेंबर १९६०, न्यूयॉर्क, दोन चौकड्या एकाच खोलीत. डाव्या बाजूला ऑर्नेट, चेरी, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर हिगिन्स. उजवीकडे बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बेसवर हेडन, ड्रमवर ब्लॅकवेल. एकूण ३७ मिनिटं. रेकॉर्डच्या काळात ती दोन बाजूंत तोडावी लागली होती. सीडीवर ती प्रथमच सलग ऐकता आली. तिच्या नावावरून पुढच्या अख्ख्या संगीतप्रवाहाला नाव मिळालं, आणि त्या नावाने घोटाळाही केला. 'फ्री' म्हणजे वाटेल ते, असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात प्रत्येक वादकाची पाळी ठरलेली आहे. प्रत्येकाच्या आधी एक छोटा लिहिलेला तुकडा सगळे मिळून वाजवतात, दिंडीत नवा अभंग सुरू होण्याआधी टाळकरी सावरून उभे राहतात तसा. मग त्याने बोलायचं आणि इतरांनी मधूनमधून साद द्यायची. पहिली पाळी डॉल्फीची, शेवटच्या दोन ड्रमवाल्यांच्या. अमेरिकेतल्या 'डाउन बीट' नियतकालिकाने या रेकॉर्डची दोन परीक्षणं शेजारी शेजारी छापली. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही.

डाव्या-उजव्या बाजू नीट लागल्या आहेत हे आधी तपासा. त्या उलटल्या तर कोण बोलतोय याचा घोटाळा होतो. त्याच दिवशीचा आधीचा एक १७ मिनिटांचा प्रयत्नही याच डिस्कवर आहे. दोन्ही एका बैठकीत ऐकू नका, कान थकतात.

पाचवी-सहावी डिस्क १९६१च्या जानेवारी आणि मार्चमधली आहे. 'ऑर्नेट!' या रेकॉर्डमधल्या रचनांची नावं नुसती आद्याक्षरं आहेत आणि ती फ्रॉइडच्या लेखनांची आहेत. नावांत फार अडकू नये. अडकायचं असेल तर लाफारोच्या बेसमध्ये अडकावं. हेडन जमिनीसारखा, तर लाफारो पाखरासारखा, सतत वरच्या सप्तकात फडफडणारा. हे वाजवल्यावर सहा महिन्यांच्या आत, जुलै १९६१मध्ये, तो मोटार अपघातात गेला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. शेवटच्या बैठकांत ऑर्नेट पुन्हा टेनर हाती घेतो, बॅटन रूजला जो मोडला गेला तो. त्याच्या लेखी आपल्या लोकांचं काळीज सर्वांत खरेपणाने बोललं ते टेनरवर. तिथला आवाज अल्टोपेक्षा खरखरीत आहे, नाचगाण्याच्या हॉलचा वास असलेला.

संचाच्या उणिवाही सांगायला हव्यात. तारखेच्या क्रमामुळे मूळ रेकॉर्डांची मांडणी मोडते. कुठल्या रचनेनंतर कुठली ठेवली यातही विचार होता. तो इथे दिसत नाही. संगीतकार गंथर शुलर यांच्या दोन रचनांत ऑर्नेट पाहुणा आहे. त्या पूर्णतेसाठी घेतल्या, एकदा ऐकून पुढे जावं. आणि 'संपूर्ण' हा शब्दही जपून घ्यायला हवा. १९७८ साली न्यू जर्सीत अटलांटिकच्या टेपांच्या गोदामाला आग लागली. या बैठकांमधलं, रेकॉर्डवर न आलेलं बरंचसं वादन त्यात जळालं. संचात आहे ते त्या आगीतून वाचलेलं.

हा संच म्हणजे सगळा ऑर्नेट नव्हे. लंडन सिम्फनीबरोबरची 'स्काइज ऑफ अमेरिका' (१९७२), विजेच्या गिटारींचा प्राइम टाइम बँड, त्याने पुढे हाती घेतलेले ट्रम्पेट आणि व्हायोलिन, मुलगा डेनार्डो दहा वर्षांचा असताना त्याला ड्रमवर बसवून केलेली रेकॉर्ड, यांतलं काहीच इथे नाही. २००७ साली 'साउंड ग्रामर'ला पुलित्झर मिळालं तेव्हा ऑर्नेट ७७ वर्षांचा होता. २०१५मध्ये तो गेला. पण त्या साऱ्याकडे जाणारी वाट या २२ महिन्यांतून जाते.

वाचकांना एवढीच विनंती आहे की टिपणं आधी वाचू नका. पहिली डिस्क लावा, 'लोनली वुमन'पर्यंत थांबा, आणि तो फाटणारा सूर आला की पुस्तिका उघडा. एका आठवड्यात एकच डिस्क ऐका, आणि चौथीवर घाईने जाऊ नका.